कुणाचं तरी अडायला हवं

पहिल्या भेटीत घरची माणसं आवाजांबद्दल फारसं बोलत नाहीत. भास, संशय, रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडणं, शेजाऱ्यांशी झालेली भांडणं हे सगळं डॉक्टरांना सांगून झालेलं असतं आणि औषधांनी त्याचा जोरही उतरलेला असतो. माझ्यासमोर बसल्यावर ती वेगळंच गाऱ्हाणं मांडतात. "काही करतच नाही हो हा." दहाला उठतो, चहा पितो, पुन्हा आडवा होतो. अंघोळीला चारदा सांगावं लागतं. टीव्ही चालू असतो, पण तो बघतोय असं वाटत नाही. हे आई सांगते. वडील बराच वेळ गप्प असतात आणि निघता निघता विचारतात, "मॅडम, हा आजार आहे की आळस?"

मी व्यवसायोपचार शिकले. आधी रुग्णालयाच्या वॉर्डात आणि मग बरीच वर्षं पुण्यातल्या एका डे-केअर केंद्रात स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांचे कामाचे गट चालवले. वडिलांच्या प्रश्नाचं वैद्यकीय उत्तर अवघड नाही. या आजारात जे नसावं ते येतं: भास, भ्रम, विस्कळीत बोलणं. त्याचबरोबर जे असावं ते जातं: उमेद, बोलण्याची ओढ, चेहऱ्यावरचे भाव, उद्या काही बरं घडेल ही अपेक्षा. तिसरं नुकसान बुद्धीच्या रोजच्या कामकाजाचं असतं. लक्ष टिकत नाही, ऐकलेलं मनात ठरत नाही, कामाच्या पायऱ्या क्रमाने लागत नाहीत. १९५२ साली पॅरिसमध्ये मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिन वापरायला सुरुवात झाली आणि पहिल्या प्रकारच्या लक्षणांवर इलाज सापडला. उरलेल्या दोन प्रकारांवर मात्र अजूनही गोळ्यांचा परिणाम फार थोडा होतो. आणि माणूस नोकरी टिकवेल का, मित्र राखेल का, स्वतःचं घर चालवेल का, हे बहुतेक वेळा या दोन प्रकारांवरच ठरतं. वडिलांना आळस दिसतो तो आजाराचाच भाग असतो.

हे सांगितलं की वडिलांना थोडं हायसं वाटतं, पण माझं समाधान होत नाही. कारण आजाराने नेलेल्या गोष्टींबरोबर आणखी एक गोष्ट गेलेली असते आणि ती आजाराने नेलेली नसते. हा आजार बहुतेकांना विशीच्या आसपास गाठतो. मुलग्यांना मुलींपेक्षा थोडा आधी. याच वयात माणसावर इतर लोक विसंबायला लागतात. बहिणीला क्लासवरून आणायचं असतं, बँकेत चेक भरायचा असतो, मित्राच्या लग्नात पंगत वाढायची असते. पहिल्या झटक्यानंतर ही सगळी कामं गुपचूप दुसऱ्याकडे जातात. प्रेमापोटीच जातात. "त्याला नको त्रास." दोन-तीन वर्षांत अशी स्थिती येते की तो दिवसभर झोपला काय नि उठला काय, घरात कुणाचं काही बिघडत नाही. कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं आपण शहाणपणाचं म्हणून म्हणतो. ज्याच्यावाचून खरोखरच कुणाचं काही अडत नाही, त्याने सकाळी उठावं कशासाठी?

माझ्या मते कामाच्या गटाचा सगळा खटाटोप या एका प्रश्नाभोवती आहे. माणसाला कामात गुंतवायचं, हात चालू ठेवायचे, वेळ घालवायचा, हे दुय्यम. मुख्य गोष्ट ही की कुणाचं तरी काहीतरी त्याच्यावाचून अडलं पाहिजे. मात्र ते एवढंच अडावं की त्याला पेलेल.

काम हे औषध आहे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९१७ साली या उपचाराला वाहिलेली पहिली संस्था स्थापन झाली. १९२२ मध्ये अ‍ॅडॉल्फ मायर या मनोविकारतज्ज्ञाने व्यवसायोपचाराच्या तत्त्वज्ञानावर लेख लिहिला. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा ताल बिघडणं हा मनोविकाराचा मोठा भाग आहे आणि तो ताल उपदेशाने परत येत नाही, तो प्रत्यक्ष करूनच बसवावा लागतो, हा त्याचा मुद्दा आज शंभर वर्षांनंतरही मला पटतो. आपल्याकडे या विद्येचं शिक्षण १९५० साली मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन होत्या, लग्नाने इथल्या झाल्या. १९५२ साली व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ उभा राहिला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. आज बहुतेक लोक या उपचाराला हाडं, सांधे आणि लकवा यांच्याशीच जोडतात; मनोविकाराच्या वॉर्डातली त्याची मुळं त्यांना ठाऊक नसतात.

आमच्या केंद्रात मुख्य काम होतं कागदी पाकिटांचं. औषधाच्या दुकानात गोळ्या घालून देतात ती छोटी पाकिटं, आणि वाण्याकडे लागतात त्या मोठ्या पिशव्या. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मागणी वाढली आणि आमचं काम एकदम मानाचं झालं. दिवाळीच्या आधी उटण्याची पाकिटं भरायची, पणत्या रंगवायच्या, श्रावणात राख्या. पण बारमाही काम पाकिटांचंच. ते मला आवडायचं, कारण ते सुटं करता येतं. कागद मापाने कापायचा, घडी घालायची, कडेला खळ लावायची, तळ दुमडायचा, दाबून वाळवायचं, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे. प्रत्येक पायरीला वेगळी कुवत लागते. घडी घालायला फारसा विचार लागत नाही, हात लागतात. मापाने कापायला लक्ष लागतं. तळ दुमडताना तीन हालचाली क्रमाने लक्षात ठेवाव्या लागतात. गठ्ठ्याची मोजणी करताना मध्ये कुणी बोललं तरी आकडा धरून ठेवावा लागतो. नव्याने आलेल्या शुभार्थीला कुठली पायरी द्यायची आणि ती कधी बदलायची, यात माझं निम्मं शिक्षण खर्ची पडायचं. मराठीत या क्षेत्रात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मीही तेच शब्द वापरते. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ते ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

बाहेरून बघणाऱ्याला ही पाकिटांची बैठक अगदी साधी वाटते. तिच्यामागे बऱ्याच बारीकसारीक तडजोडी असतात. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी उशिरापर्यंत राहते, म्हणून गट अकराला सुरू करायचा. काहींचे हात औषधांनी थरथरतात. त्यांना खळीचा ब्रश जाड दांड्याचा द्यायचा, कात्री द्यायची नाही. काहींना औषधामुळेच पायात अशी तळमळ सुटते की दहा मिनिटं बसवत नाही. ते डॉक्टरांना कळवायचंच, पण तोवर त्या माणसाला बसण्याचं काम देणं म्हणजे छळ. त्याला कपाटातून कागद आणण्याचं, वाळलेला माल उचलून नेण्याचं काम द्यायचं. संशयाचा त्रास असलेल्याला पाठ भिंतीला आणि दार डोळ्यासमोर अशी जागा लागते. एका दादांना आवाज यायचे ते गोळ्या घेऊनही पूर्ण थांबले नव्हते. त्यांना घड्या मोठ्याने मोजायला सांगितलं. स्वतःचा आवाज चालू असला की आतले आवाज मागे सरतात, असा काहींचा अनुभव असतो. त्यांचाही तसाच आला. बाकीच्यांना त्या मोजणीचा कधीकधी वैताग यायचा आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. मला ते बरं वाटायचं. एकमेकांवर वैतागण्याइतकी माणसं जवळ आली होती.

कामाच्या गटांच्या पायऱ्या अ‍ॅन मोझी या अमेरिकन तज्ज्ञबाईंनी १९७०च्या सुमारास मांडल्या. आधी माणसं शेजारी शेजारी बसून आपापलं काम करतात. एकमेकांची उपस्थिती सहन होणं एवढंच तिथे साध्य असतं. मग थोड्या वेळापुरतं एखादं काम मिळून करतात. त्यानंतर काम वाटून घेतात, नियम ठरवतात, आपल्या हक्काचं काय नि दुसऱ्याच्या हक्काचं काय हे कळू लागतं. पुढे एकमेकांच्या मनाची काळजी घेऊ लागतात. शेवटच्या पायरीवर काम आणि माणसं या दोन्हींचा तोल गट स्वतःच सांभाळतो. हे कागदावर सरळ चढत जाणाऱ्या जिन्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात एकाच टेबलाभोवती सगळ्या पायऱ्यांवरची माणसं बसलेली असतात आणि एकच माणूस सोमवारी तिसऱ्या पायरीवर असतो, गुरुवारी पहिल्या. तरीही या मांडणीने मला एक गोष्ट शिकवली. शेजारी गप्प बसून घडी घालणं ही काही वाया गेलेली अवस्था नव्हे. ज्याने वर्षभर स्वतःच्या खोलीचं दार बंद ठेवलं होतं, त्याच्यासाठी अनोळखी आठ माणसांत तासभर बसणं हेच त्या दिवसाचं मोठं काम असतं.

आमच्याकडे एक ताई होत्या. आजार होण्याआधी त्यांनी डी.एड. केलं होतं. गटात आल्या तेव्हा त्या कुणाशी बोलत नव्हत्या, विचारलं तर एका शब्दात उत्तर. त्यांना मोजणीचं काम दिलं, कारण त्यांचं लक्ष इतरांपेक्षा चांगलं टिकायचं. इथे वाचकाला वाटेल की मी आता त्या एके दिवशी कशा खळखळून बोलू लागल्या ते सांगणार. तसं झालं नाही. पुढेही त्या मितभाषीच राहिल्या. पण त्या ज्या दिवशी येत नसत त्या दिवशी गठ्ठे चुकायचे. चोवीसचे निघायचे, सव्वीसचे निघायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "ताई नाहीत ना आज." दुसऱ्या दिवशी त्या आल्या की कुणीतरी न बोलता कालचे गठ्ठे त्यांच्यापुढे सरकवायचं आणि त्या ते पुन्हा मोजायच्या. मी त्यांना कितीदा तरी म्हटलं असेल, की तुम्ही आलात की बरं वाटतं. त्याचा काही परिणाम झाल्याचं मला आठवत नाही. त्या यायच्या ते गठ्ठ्यांसाठी. थेरपिस्टने केलेलं कौतुक हे तिच्या पेशाचा भाग असतं आणि शुभार्थींना ते पक्कं ठाऊक असतं. चुकलेला गठ्ठा मात्र खोटं बोलत नाही.

म्हणूनच काम खरं असावं लागतं. एका पावसाळ्यात औषधाच्या दुकानदाराने पाकिटांचा मोठा ढीग परत पाठवला. तळ सुटत होते. गोळ्यांच्या पट्ट्या खाली पडत होत्या. केंद्रातल्या काही सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की हे शुभार्थींना सांगू नये, त्यांना ताण येईल, आपणच माल दुरुस्त करून देऊ. माझं मत वेगळं होतं. माल परत आला हे आपण लपवलं, तर गेल्या दोन वर्षांचं सगळं काम आपणच लुटुपुटूचं ठरवलं असं होईल. ढीग टेबलावर ठेवला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. एकजण उठून बाहेर गेला आणि त्या दिवशी परत आला नाही. त्याच्या घरी फोन करावा लागला. बाकीच्यांनी पाकिटं उघडून बघायला सुरुवात केली. बँकेत नोकरी केलेले एक काका म्हणाले, खळ पातळ झालीय. दुसऱ्याने सांगितलं, खळ तीच आहे, दमट हवेत पाकिटं वाळतच नाहीत आणि आपण ओलीच गठ्ठ्यात बांधतो. दोघांचंही बरोबर होतं. मग मैद्याची खळ घट्ट शिजवायची आणि पावसाळ्यात माल एक दिवस जास्त पंख्याखाली ठेवायचा, असं ठरलं. ते मी ठरवलेलं नव्हतं. बाहेर गेलेला मुलगा चार दिवसांनी आला तेव्हा त्याला नवा नियम दुसऱ्या शुभार्थीने समजावून सांगितला.

ताण नको म्हणणारे सहकारी अगदीच चूक होते असं नाही. या आजारात ताण खरोखरच घातक ठरू शकतो. न पेलणारा ताण माणसाला पुन्हा आजाराच्या तोंडाशी नेतो. पण ताण शून्यावर आणला की उरतं ते रिकामपण आणि तेही माणसाला खाऊन टाकतं. घरात काहीच अडत नाही आणि बाहेरच्या नोकरीत एक खाडा झाला तरी अडतं. दोन्ही टोकं त्याला झेपत नाहीत. गट ही मधली जागा. इथे चूक झाली तर ती दिसते, पण तिच्यामुळे कुणी हाकलून देत नाही. नाही आलास तर विचारपूस होते, पगार कापला जात नाही. गोळीचा डोस डॉक्टर ठरवतात, तसा अपेक्षेचा डोस मला ठरवावा लागायचा. आणि तोही माणसागणिक, कधी आठवड्यागणिक बदलावा लागायचा.

पाकिटांशिवाय आठवड्यातून एकदा स्वयंपाकाचा गट असे. कांदेपोहे हा पदार्थ पाच मिनिटांचा, असं आपण समजतो. तो गटाबरोबर करून बघावा, म्हणजे मेंदू किती गोष्टी न सांगता सांभाळत असतो ते कळतं. पोहे आधी भिजवले आणि मग कांदा चिरायला बसलं की पोह्यांचा लगदा होतो. मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं, पण हळद जळेपर्यंत थांबायचं नाही. या आजारात हेच अवघड जातं: पुढच्या पायरीचा अंदाज घेणं, दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवणं, कुठे थांबायचं ते ओळखणं. आम्ही भिंतीवर पायऱ्या लिहून लावल्या, साहित्य त्या क्रमाने मांडून ठेवलं आणि प्रत्येक पायरीला एक माणूस नेमला. आता कांदा चिरणाऱ्यावाचून फोडणीवाल्याचं अडायला लागलं. "झाला का हो कांदा?" हा प्रश्न मी विचारणं आणि कढईसमोर उभ्या असलेल्या सोबत्याने विचारणं यात फार फरक आहे. आणि शेवटी पोहे सगळ्यांनी खायचे असतात; बरे झाले की नाही यावर थेरपिस्टचा अभिप्राय लागत नाही.

हात कामात असले की जिभा मोकळ्या होतात. समोरासमोर खुर्च्या मांडून 'आज आपण गोळ्यांबद्दल बोलूया' असं म्हटलं की सगळे जमिनीकडे बघतात. खळ लावता लावता मात्र एखादा सहज म्हणतो, "मी मागच्या वर्षी सोडल्या होत्या. बरं वाटत होतं म्हणून." दुसरा वर न बघता विचारतो, "मग?" "मग काय, तीन महिन्यांत अ‍ॅडमिट." एवढंच. यापुढे मी घातलेली भर नेहमीच अनावश्यक ठरते. वजन वाढणं, तोंडाला कोरड पडणं, लग्नाच्या बोलणीत आजार सांगायचा की नाही, गावाकडच्या नातेवाइकांना काय सांगायचं, हे सगळे विषय मी टेबलावरच ऐकले. आपल्याला आलेला अनुभव जगात एकट्यालाच आलेला नाही हे कळणं, याला गटोपचाराचे अभ्यासक फार महत्त्व देतात. स्किझोफ्रेनियात तर ते जास्तच लागतं, कारण या आजारात माणसाचा अनुभव इतरांना पटतच नाही. गटात तो निदान ओळखीचा असतो.

केंद्रात कामाचे थोडे पैसे मिळत. रक्कम किरकोळ, पण पाकिटात घालून, सही घेऊन दिली जायची. एका शुभार्थीची आई रागावून माझ्याकडे आली. मुलाने दोन महिन्यांच्या पैशांचं काय केलं ते तो सांगत नव्हता. सिगारेटी ओढल्या असतील, कुणी काढून घेतले असतील, अशी तिला भीती. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "वाईट काही नाही केलं. पण सांगणार नाही." मी आईला सांगितलं की सध्या विचारू नका. तीस वर्षांच्या त्या माणसाची झोप, जेवण, गोळ्या, आंघोळ, सगळं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याचं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. आता एक छोटी गोष्ट त्याच्या एकट्याची होती. पैशांचं काय झालं ते मलाही कधी कळलं नाही आणि ते कळायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

पैशांचा विषय निघाला की कामाच्या उपचाराची काळी बाजूही सांगायला हवी. जगभरच्या मनोरुग्णालयांत रुग्णांकडून शेती, धुलाई, विणकाम, स्वयंपाकघर अशी कामं वर्षानुवर्षं करून घेतली गेली. नाव उपचाराचं आणि फायदा संस्थेचा. उत्तम काम करणाऱ्या रुग्णाला घरी सोडायला संस्था नाखूश असायची, कारण त्याच्यावाचून संस्थेचं अडायचं. माझ्या आवडत्या तत्त्वाचं हे विद्रूप रूप आहे, म्हणून ते मी विसरू शकत नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने अशा कामगार-रुग्णांनाही किमान वेतनाचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की रुग्णाला संस्थेत काम करण्याची सक्ती करता येणार नाही आणि त्याने काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागेल. गटात बसायचं की नाही हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्यासाठी गट उपचार राहत नाही. म्हणून 'आज मला काही करायचं नाही' असं म्हणून खिडकीशी बसण्याची मुभा आमच्याकडे प्रत्येकाला होती. ती वापरणारे पुष्कळ होते.

दुसरा आक्षेप माझ्या स्वतःच्या क्षेत्रातून आला आणि तो जास्त बोचरा आहे. आधी केंद्रात तयारी करून घ्यायची आणि मग नोकरीला पाठवायचं, अशी आमची रीत. १९९०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी ती उलटी केली. ज्याला नोकरी हवी आहे त्याला त्याच्या आवडीची, बाजारातली, खऱ्या पगाराची नोकरी लवकरात लवकर मिळवून द्यायची आणि आधार नंतर, नोकरीच्या जागी द्यायचा. वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांत या पद्धतीने जास्त माणसं नोकरीला लागली. याचा सरळ अर्थ असा की आमच्या टेबलाभोवती तयारी करत बसलेल्यांपैकी काहीजण कधीच तयार होते. गट सुखाचा झाला की तो सोडवत नाही. शुभार्थीला नाही, शुभंकराला नाही आणि थेरपिस्टला तर मुळीच नाही. ज्याच्यामुळे गट चालतो, तो गेला तर गट कसा चालणार, हा विचार माझ्याही मनात येई. मनोरुग्णालयाच्या शेतावरच्या मुकादमाच्या मनात येत असेल तोच हा विचार. म्हणून कोण आपल्याला सोडवत नाही, याची यादी आम्ही दर तिमाहीला करायचो आणि त्या यादीतल्या माणसांसाठी आधी बाहेरचं काम शोधायचो.

ते शोधणं सोपं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवल्या. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून वाटलेला आहे. त्यासाठी चाळीस टक्के अक्षमतेचा दाखला लागतो, आणि दाखला घेतला की शिक्का बसतो, म्हणून अनेक घरं तो घेतच नाहीत. आमच्याकडची माणसं लागली ती बहुधा अनौपचारिक कामांना: मामाचं झेरॉक्सचं दुकान, ओळखीच्यांची नर्सरी, सोसायटीच्या कार्यालयातली बिलं वाटणं. अर्धा दिवस, थोडा पगार. पण मालकाने सकाळी फोन करून "येतोयस ना?" असं विचारलं की आमचं काम झालं असं मी समजायचे.

ज्यांना असं केंद्र जवळ नाही त्यांची संख्या फार मोठी आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार स्किझोफ्रेनियासारखे आजार असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. तिथे गटाची गोष्ट कुठून करणार? म्हणून घरच्यांना मी दोन गोष्टी सांगत आले. पहिली टोमण्यांबद्दल. ज्या घरात टीका, चीड किंवा अतिकाळजी जास्त असते तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे लंडनमधल्या संशोधकांनी १९७०च्या दशकातच दाखवलं होतं आणि पुढे चंडीगढमध्ये झालेल्या अभ्यासातही चिडीबाबत तसंच आढळलं. तिशीच्या मुलाला घास भरवणारी आई आणि "काही करत नाही" म्हणून रोज बोलणारा बाप, दोघंही त्याला एकच सांगत असतात: तुझ्याकडून काही होणार नाही.

दुसरी गोष्ट कामाची. घरातलं एक काम त्याला द्या, पण ते असं द्या की ते झालं नाही तर घराला जाणवेल. कपाट आवरणं नको. ते न आवरल्याने काही होत नाही. सकाळचं दूध आणणं द्या. आणि मग ज्या दिवशी तो ते आणणार नाही, त्या दिवशी गुपचूप जाऊन तुम्ही आणू नका. बिनदुधाचा चहा सगळ्यांनी प्या, टोमणा न मारता. हे सांगायला सोपं आणि करायला अतिशय कठीण. घरच्यांना दुधाची पिशवी आणण्यापेक्षा न आणता थांबणं जास्त अवघड जातं. जे थांबू शकले त्यांच्या घरात आजार बरा झाला असा माझा दावा नाही. पण त्या घरात सकाळी कुणीतरी त्याची वाट बघत असे. आणि हळूहळू, सगळ्या दिवशी नाही पण बऱ्याच दिवशी, तो उठत असे.

मला लोक विचारतात, आम्ही काय मदत करू? दिवाळीला केंद्रात येऊन फराळ वाटतात, पणत्या दुप्पट किमतीला घेतात, फोटो काढतात. त्यांच्या मनाचा चांगुलपणा मला कळतो. तरी माझं मागणं वेगळं आहे. एखादा दुकानदार असाल तर पाकिटांची छोटी ऑर्डर द्या, पण ती लागणार असेल तरच द्या. भाव घासाघीस करून ठरवा. माल मोजून घ्या, तळ ओढून बघा, आणि सुटत असेल तर परत करा. आम्हाला दया दाखवणारी गिऱ्हाइकं पुष्कळ मिळाली. ज्यांचं आमच्यावाचून खरोखर अडलं, अशी फार थोडी. त्यांनी जे केलं ते उपचारात मोडतं, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.